मागल्या भिंतीवर फळा चढविला त्या मोहिमेची हकीकत

शिक्षकखोलीतील समस्त मंडळींनी मधल्या सुट्टीत, चहाचे पेले हाती असता, सेवकास आज्ञा केली की, इयत्ता सहावीच्या वर्गात नव्या बाईसाहेबांनी जी मोहीम केली, पहिल्या बाकाचे वतन हलविले आणि शेवटच्या बाकास राज्याचे तोंड दाखविले, तिची हकीकत जो तो निरनिराळी सांगतो, कोणी म्हणतो फळे तीन होते, कोणी म्हणतो हुजूर जिन्यावरोन घसरले, कोणी तर वकीलबाईंस भोवळ आली ऐसेही छातीठोक सांगतो, तरी खरे काय घडले ते एकदा साद्यंत लिहोन ठेवावे. आज्ञा शिरसावंद्य मानोन सेवकाने लेखणी उचलिली. फळे दोनच होते, हुजूर घसरले नाहीत, आणि वकीलबाईंस भोवळ आली नाही, हे आरंभीच नमूद करितो. बाकी जे घडले ते याहोन मौजेचे आहे.

त्या वर्गाचा मुलूख ऐसा की, दाराशेजारील भिंतीवर फळा, फळ्यापुढे बाईंची मेज, आणि मेजेपासून थेट मागल्या भिंतीपर्यंत बाकांच्या रांगा. दर रांगेस पुढे लिहावयाचा उंच बाक आणि मागे बसावयाचा ठेंगणा बाक, ऐसी जोडी. पहिली रांग म्हणजे तख्ताशेजारचे वतन. ज्याचा थोरला भाऊ तेथे बसोन गेला त्याचा धाकटा तेथेच बसणार, आणि त्याची चुलत बहीण शेजारी बसणार. शाळा उघडावयाच्या दिवशी आया उजाडताच फाटकाशी मोर्चे लावीत, आणि फाटक उघडले की लेकराचे दप्तर पहिल्या बाकावर टाकोन ठाणे बसवीत, मग ते ठाणे वर्षभर कोणाच्या बापास हलत नसे. बाईंनी प्रश्न विचारावा की पहिल्या बाकावरोन उत्तर यावे, शाबासकी तेथेच पडावी, खडू आणावयाची कामगिरीही तेथेच नामजाद व्हावी. मधल्या रांगांतील रयत निमूट लिहोन घेई. शेवटल्या रांगेत उंच मुले, उशिरा आलेली मुले, आणि ज्यांची नावे पाठ करावयास शिक्षकांस कधी सवड जाहली नाही ऐसी मुले.

आणिक एक जागा या मुलखात होती. जिन्याखाली एक खोली होती, छत उतरते, खिडकी नाही, दिवा दिवसाही लावावा लागे. सहामाहीत जी मुले गणितात नापास होतील त्यांस वर्गातून काढोन त्या खोलीत निराळे शिकवावे, ऐसा हुजूरचा, म्हणजे मुख्याध्यापक साहेबांचा, जुना दस्तूर. हेतू नेक होता, कागदोपत्री त्यास 'विशेष मार्गदर्शन' म्हणत. परंतु तेथे उतरलेले मूल पुन्हा वर चढल्याचे कोणास स्मरत नव्हते, आणि मुले त्या खोलीस सरळ तळघर म्हणत.

नव्या बाई त्याच वर्षी रुजू जाहल्या, म्हणोन त्यांस नव्या बाई म्हणू लागले. अंगकाठी लहान, आवाज खणखणीत, स्वभाव तापट, परंतु ताप चढे तितक्याच लौकर उतरे. एके दिवशी अपूर्णांकांचा भागाकार शिकविताना त्यांच्या हातचा खडू निसटला, आणि बाकांखालोन घरंगळत शेवटल्या रांगेखाली गेला. पहिल्या बाकावरील खडूची वतनदार मंडळी धावणार, तों बाईसाहेब खासा स्वारीने मागे निघाल्या, वाकोन खडू घेतला, आणि कंबर भरोन आली म्हणोन क्षणभर शेवटल्या बाकावर टेकल्या. सहज फळ्याकडे पाहिले तों फळा दिसेना. खिडकीचा उजेड फळ्यावर तिरपा पडोन उजवी बाजू अवघी पांढरी चमकत होती. स्वहस्ते लिहिलेले गणित दिसे, त्याचे उत्तर दिसेना.

शेजारी एक उंच मुलगी बसली होती. अवघा वर्ग तिला शिडी म्हणे, आणि तीही त्या नावास ओ देई. पहिलीपासून उंच, म्हणोन पहिलीपासून मागे. गणितात कच्ची ऐसा तिचा लौकिक, आणि सहामाहीनंतर तळघरात पहिले पाऊल हिचेच पडणार हे शिक्षकखोलीने धरोन ठेविले होते. बाईसाहेबांनीही धरोन ठेविले होते. बाईंनी तिला हळूच विचारिले:

"तुला ते उत्तर दिसतंय?"

"नाही बाई."

"मग लिहून कसं घेतेस?"

"हिचं बघून. हिलाही दिसत नाही, ही पुढचीचं बघते."

"अगं, आणि समजलं नाही तर? विचारायचं नाही का?"

"विचारते की," शिडी म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही."

हे शब्द तिने तक्रारीने म्हटले नाहीत, पाऊस नाही किंवा घंटा झाली म्हणावे तैसे म्हटले, म्हणोनच ते बाईंस अधिक झोंबले. त्या परत फळ्याशी गेल्या आणि उरलेला तास त्यांणी कोणते गणित शिकविले ते त्यांस स्वतःसही सांगता आले नसते. मुलगी कच्ची नव्हती. तिला अर्धा फळा आणि अर्धी बाईच मिळाली होती, आणि त्यावरोन तिला तळघरात धाडावयाची तजवीज चालली होती. बाईसाहेबांनी कंबर कसली. सहामाही तोंडावर आली होती.

सोमवारी पहिले फर्मान सुटले की, दर आठवड्यास रांगा फिरतील, पहिली शेवटी जाईल, शेवटली पुढे येईल, कोणी कुरकूर करू नये. पहिल्या बाकावर आकांत जाहला. एकाने आजोबांचे नाव घेतले, एकीने पोटात दुखते म्हटले. हे बाईंच्या हिशेबात होते. हिशेबात नव्हते ते निराळेच घडले. ज्यांच्या उद्धारासाठी फौज निघाली त्या शेवटल्या रांगेनेच बंड केले.

"बाई, आम्ही नाही जाणार पुढे. इथे वारा येतो."

"पुढे बसलं की सगळे प्रश्न आपल्यालाच पडतात, बाई."

"मी पुढे बसले ना," शिडी म्हणाली, "की मागचे ओरडतात, डोकं काढ म्हणून. तिसरीत बसवलं होतं मला एकदा. एकच दिवस टिकले."

बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. वतन केवळ पुढल्या बाकाचे असते ऐसा त्यांचा समज होता, परंतु मागल्या मंडळींनीही आपल्या कोपऱ्याची सनद स्वतःच लिहोन घेतली होती. तरी हट्टाने त्यांणी रांगा फिरविल्या, आणि दप्तरे आपटली, डबे उलटले, दोघांचे पाय चिरडले, शेवटी घंटा जाहली तेव्हा निम्मी फौज आपल्या जुन्या ठाण्यावर परतली होती आणि निम्मी भिंतीशी उभी होती. ती चढाई फसली हे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरे दिवशी शत्रूचे खलिते आले. पहिल्या बाकाच्या पहिल्या जागेवर वकीलपुत्र बसत, आणि त्यांच्या मातोश्री वकीलबाई, ज्यांचा कोर्टात मोठा दबदबा, समोरचा वकील त्यांचे पाऊल वाजले की पाण्याचा पेला हाती घेई. त्या काळा कोट तैसाच अंगावर ठेवोन, अवघ्या पहिल्या रांगेच्या आईबापांच्या सह्यांचा अर्ज घेवोन, हुजूरचे कचेरीत दाखल जाहल्या. नव्या बाईंस बोलावणे गेले. हुजूर म्हणजे शांतताप्रिय मनुष्य. कोणीही काही बोलले की मान हलवीत, आणि दोघे एकदम बोलले की चष्मा पुसू लागत. त्या दिवशी चष्मा फार पुसला गेला.

वकीलबाईंचे म्हणणे पडले की, जागा ज्याने आधी धरली त्याची, आणि मूल हुशार आहे ते पुढे बसते म्हणोन आहे, आता सहामाहीच्या तोंडावर त्याला मागे ढकलोन दुसऱ्याचे काय भले होणार.

"माझा मुलगा पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी फाटकाशी होता. लवकर येण्याची काहीच किंमत नाही?"

"फाटकाशी तुम्ही होतात," नव्या बाई म्हणाल्या. "तो गाडीत झोपला होता. शिपाईकाकांनी पाहिलंय."

"बरं, आईने लवकर उठण्याची तरी काही किंमत आहे की नाही?"

प्रश्न खरा होता. वकीलबाई दुष्ट नव्हत्या, आपल्या लेकरासाठी भांडत होत्या, आणि भांडणे त्यांस चांगले येत होते इतकेच.

"आणि जिची आई त्या वेळी कामावर होती तिने काय करायचं?" नव्या बाई म्हणाल्या. "आणि जी उंच आहे तिने? उंच असणं हा काय गुन्हा आहे, की दर वर्षी शेवटी?"

"सगळ्यांना पाळीपाळीने त्रास देणं, याला न्याय म्हणता तुम्ही?"

"एकालाच कायम त्रास देण्यापेक्षा बराच बरा."

हुजूरनी चष्मा चढविला, आणि सल्ल्यासाठी वकीलबाईंकडेच पाहिले, आणि वकीलबाईंनी मजकूर सांगितला तैसा हुकूम उतरविला की, सहामाही होईपर्यंत इयत्ता सहावीतील कोणतेही मूल आपल्या जागेवरून हलवू नये, आणि कोणताही बाक हलवू नये. शिक्का पडला. नव्या बाई मूग गिळोन बाहेर आल्या, आणि हात धुवावयाच्या नळाशी बराच वेळ नुसतेच पाणी सोडोन उभ्या राहिल्या.

सायंकाळी स्वारी घरी परतली तों तेथेही मसलत चालू होती. सासूबाईंची वेताची खुर्ची गॅलरीच्या दाराशी, वाऱ्याच्या तोंडावर, आणि त्या वेळेस ऊन नेमके टीव्हीच्या काचेवर पडे, मालिकेतील मंडळी दिसेनाशी होत आणि रडणे तेवढे ऐकू येई. यजमान विनवीत होते:

"आई, खुर्ची जरा इकडे घे ना. दोन हात फक्त."

"मी का हलू? मी बसलेय. टीव्ही हलव."

यजमानांनी पुष्कळ आर्जवे केली, आणि मग हार पत्करोन, तारा ओढोन, टीव्ही उचलोन समोरच्या भिंतीवरोन आडव्या भिंतीशी नेला. सासूबाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळविली, आणि चित्र लख्ख दिसू लागले. स्वयंपाकघराच्या दारात नव्या बाईंच्या हातची पळी थबकली. मग त्या हसू लागल्या आणि थांबेनात.

"हसतेस काय गं? काय चुकलं माझं?"

"काही नाही, आई. तुम्ही बरोबर आहात. अगदी शंभर टक्के बरोबर आहात."

सुनेच्या तोंडून हे ऐकावयाची सवय नसल्यामुळे सासूबाई बराच वेळ संशयाने पाहत राहिल्या.

दुसरे दिवशी शाळा सुटताच बाईसाहेबांनी अडगळीच्या खोलीवर स्वारी केली. तेथे मोडक्या खुर्च्यांच्या पाठी एक जुना लाकडी फळा उभा होता, चौकट जड, रंग विटका, परंतु अंग सरळ. शिपाईकाकांस सामील करोन घेतले. त्यांणी फळ्यावर हात फिरविला आणि उसासा टाकिला.

"बाई, हा माझ्या आधीपासून आहे इथे. याला रिटायर केलं, मलाच करत नाहीत."

मग दोघांनी फळा उचलिला आणि जिना चढू लागले, आणि पहिल्या वळणावर घोर प्रसंग जाहला. फळा आडवा होईना, उभा होईना, चौकट कठड्यात अडकली, शिपाईकाका खाली, बाईसाहेब वर, मध्ये फळा ऐसा बसला की ना पुढे ना मागे. दोघांच्या नाकी नऊ आले. तों वरोन हुजूरची स्वारी घरी जावयास निघालेली, हाती डबा आणि छत्री, ती येवोन फळ्याशी खोळंबली.

"हे काय आहे?"

"फळा आहे, सर."

"कुठे निघालाय?"

"सहावीत."

"हुकूम लक्षात आहे ना, बाई?"

"तोंडपाठ आहे, सर."

हुजूरनी क्षणभर विचार केला. हुकुमाचा विचार केला की घरी जावयास उशीर होतो याचा केला, हे सेवकास ठाऊक नाही. त्यांणी डबा पायरीवर ठेविला, छत्री बगलेत मारिली, आणि एक कोपरा वर उचलोन धरिला, आणि शिपाईकाकांनी खालोन रेटिले, आणि बाईसाहेबांनी "आता, आता, आता" ऐसा गजर केला, मग फळा वळण सोडोन सुटला. हुजूर उतरोन गेले. बाईंनी खिळे ठोकोन दिवेलागणीच्या आत मागल्या भिंतीवर फळा चढविला.

सकाळी मुले आली, आपापल्या ठाण्यावर बसली, आणि बाईसाहेब वर्गात येवोन मेजेपाशी न थांबता रांगांमधून थेट मागे चालत गेल्या. मागल्या भिंतीशी उभ्या राहोन हुकूम सोडिला की, ज्याने त्याने आपल्याच जागी बसावे, बूड हलवू नये, फक्त तोंड फिरवावे. क्षणभर कोणास अर्थ लागेना. मग एकाएकी अवघी फौज गरकन फिरली, पाय बाकांवरोन पलीकडे गेले, आणि जी शेवटली रांग ती पहिली जाहली, आणि पहिल्या बाकाचे वतनदार एकही पाऊल न हलता राज्याच्या सीमेवर जावोन पडले. मागोन एक किंकाळी आली, पुढोन एक हशा आला. शिडी भिंतीकडच्या टोकास होती, तिच्या उंचीने एकाचाच फळा अडला, आणि तो तिच्या आडोशास खुशीने पेंगू लागला.

परंतु मोहिमेत एक चूक राहिली होती, आणि ती बाईसाहेबांची होती. तोंडे फिरविता प्रत्येकास लिहावयास मागल्या रांगेचा बाक मिळाला. शेवटल्या रांगेच्या मागे रांगच नव्हती. त्यांच्यापुढे नुसती जमीन, आणि जमिनीपलीकडे फळा.

"बाई," दूर सीमेवरोन वकीलपुत्र आनंदाने ओरडले, "त्यांना लिहायला बाकच नाहीये!"

खरोखरच नव्हता. मुलांनी वह्या मांडीवर घेतल्या. शिडीचे गुडघे इतके वर येत की वही हनुवटीस लागे. वकीलपुत्रांच्या पुढला, म्हणजे आता पाठीमागला, उंच बाक रिकामा पडला होता, परंतु कोणताही बाक हलवू नये ऐसा हुकूम. बाईसाहेबांचे धाबे दणाणले. इतका खटाटोप करोन मागल्या मुलांस पुढे आणिले, ते गुडघ्यावर लिहावयास? दोन तासांत ही बातमी कचेरीत जाईल, आणि फळा पुन्हा अडगळीत जाईल, आणि शिडी तळघरात जाईल. त्या वर्गाच्या मध्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर दाराशेजारच्या आपल्या मेजेवर गेली.

मेज म्हणजे बाक नव्हे. बाईंनी मेजेवरील पुस्तके, हजेरी, पाण्याची बाटली उचलोन खिडकीच्या चौकटीत मांडिली, पदर खोचिला, आणि मेज ओढावयास लागल्या. मेज कर्कश किंचाळत रांगांमधून चालली. पहिल्यांदा शिडी उठली आणि तिने दुसरे टोक धरिले, मग तिघे उठले, मग मेज शेवटल्या रांगेपुढे जावोन बसली आणि दाटीवाटीने अवघ्या रांगेने तीवर कोपरे टेकिले. त्या दिवसापासून बाईसाहेबांस बसावयास जागा राहिली नाही. त्यांणी ती मागितलीही नाही, फक्त संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडोन बसू लागल्या.

दुसरेच दिवशी वकीलबाई कोटासह आल्या. हुजूर, वकीलबाई आणि नव्या बाई ऐशी तिघांची स्वारी वर्गात दाखल जाहली. हुजूरनी हुकुमाचा कागद उघडोन मोठ्याने वाचिला. कोणतेही मूल हलविले काय? नाही. कोणताही बाक हलविला काय? नाही. मेज बाक आहे काय? हुजूरनी मेजेकडे पाहिले, मग वकीलबाईंकडे पाहिले.

"मेज म्हणजे मेज," वकीलबाई रुक्षपणे म्हणाल्या. कायद्यास खोटे म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

तों वकीलपुत्र उठले. "आई, इथून फळा दिसतच नाही गं. नुसता चमकतो."

वकीलबाई लेकाशेजारी जावोन बसल्या. कोट सावरला, पाहिले. डोके डावीकडे केले, उजवीकडे केले. अर्धा फळा पांढरा.

"हे रोज असं असतं?" त्यांणी विचारिले.

मेजेवरोन शिडीने वळोन सांगितले, "हो. आम्हाला रोज असायचं."

वकीलबाईंनी पुन्हा एकदा फळ्याकडे पाहिले. मग उठोन नव्या बाईंपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मसुद्यात फळा राहिला माझ्याकडून."

"राहिला," बाई म्हणाल्या.

"समोरच्या बाजूने इतका बारीक वाचलेला मसुदा बऱ्याच दिवसांनी पाहिला." आणि त्या हसल्या. मग तेथेच उभ्या उभ्या दुसरा अर्ज लिहिला की, खिडकीस जाड पडदा तात्काळ लावावा. दुसरे दिवशी पडदा आला, निळा, कड्यांसकट, ओढला की उजेड अडे आणि दोन्ही फळे लख्ख दिसत. शेवटल्या बाकावरील मुले वर्षानुवर्षे आंधळ्यासारखी लिहीत होती तेव्हा पडदा आला नाही. पहिल्या बाकाचे डोळे एक दिवस दिपले आणि पडदा आला. सेवकास यावर पुष्कळ लिहावेसे वाटते, परंतु पडदा आला हे खरे, म्हणोन लेखणी आवरतो.

मग तह जाहला. एक आठवडा या भिंतीवरील फळ्याची पाळी, एक आठवडा त्या भिंतीवरील, आणि मेज पाळीसोबत प्रवास करील. मधल्या रांगांतील एका मुलीने उठोन विचारिले, "बाई, आम्ही दोन्हीकडून मध्येच की! आमचं काय?" बाईसाहेबांनी खडू आणावयाची कामगिरी मधल्या रांगांस वंशपरंपरागत बहाल केली. तेवढ्याने न्याय पुरा जाहला नाही, हे बाईंसही ठाऊक होते. वकीलपुत्रांस तर सीमेवरील जागा इतकी मानवली की ते पुढल्या फळ्याची पाळी आली की तोंड पाडीत, कारण मागोन अवघ्या वर्गाच्या वेण्या दिसतात आणि पुढोन केवळ बाई दिसतात.

मागल्या फळ्याची पाळी असता एके दिवशी पुन्हा अपूर्णांकांचा भागाकार निघाला. बाईंनी नेहमीप्रमाणे सांगितले की, दुसरा अपूर्णांक उलटा करोन गुणावा. अवघ्या वर्गाने माना डोलविल्या. मेजेच्या टोकावरोन आवाज आला:

"बाई, उलटा का करायचा?"

पहिल्या बाकाच्या हुशारांनी एकमेकांकडे पाहिले; त्यांस करता येत होते, का ते कोणास ठाऊक नव्हते. हाच प्रश्न मागल्या बाकावरोन किती वेळ आला असेल आणि वाऱ्यावर गेला असेल, या विचाराने बाईसाहेबांस वाईट वाटले. मग त्यांणी कागदाच्या पट्ट्या फाडिल्या. एक अख्खी पट्टी, तिचे चार पाव.

"एका अख्ख्या पट्टीत पाव किती बसतात?"

"चार."

"आणि आपल्याकडे अर्धीच पट्टी असेल तर?"

शिडीने पट्टीवर तुकडे मांडोन पाहिले. "दोन. चाराच्या निम्मे." थांबली. "म्हणजे पावाने भागायचं म्हणजे चाराने गुणायचंच झालं की!"

"अरेच्चा," सीमेवरोन वकीलपुत्र म्हणाले, "मला हे माहीतच नव्हतं." आणि त्या तासास अवघ्या वर्गाने पट्ट्यांचा असा कचरा केला की शिपाईकाकांनी झाडू दाराशी ठेविला आणि ते निघोन गेले.

सहामाही पार पडली. पेपर तपासोन आले. शिडी गणितात नापास जाहली, एका गुणाने. त्या आठवड्यात पाळी पुढल्या फळ्याची होती, आणि बाईसाहेब पेपर वाटीत शेवटल्या रांगेपर्यंत गेल्या, तिच्या हाती पेपर ठेविला, आणि तिच्याकडे न पाहता परत फिरल्या. एका गुणासाठी दया करावी काय, हे त्यांणी आदल्या दिवशी पुष्कळ घोळविले होते, आणि दया केली तर इतर नापासांस काय सांगावे म्हणोन केली नव्हती. छातीवर धोंडा ठेविला होता. त्या फळ्याशी पोचल्या नाहीत तों मागोन आवाज आला.

"बाई, हे गणित तुम्ही चुकीचं तपासलंय."

अवघा वर्ग वळला. शिडी उभी होती, आणि उभी राहिली म्हणजे ती फारच उभी दिसे.

"तुला अर्ज लिहून देऊ का?" वकीलपुत्रांनी तत्परतेने विचारिले. "मला येतो."

"नको," शिडी म्हणाली. "मी सांगते."

ती पेपर घेवोन पुढे आली. गणित होते, पाऊण भागिले एक अष्टमांश. तिने काहीच उलटे केले नव्हते. एक पट्टी काढिली होती, तिचे आठ भाग पाडिले होते, पाऊण पट्टी रंगविली होती, आणि खाली लिहिले होते: सहा. बाईंनी ठरलेली रीत दिसली नाही म्हणोन लाल फुली मारिली होती, आणि रात्रीच्या ढिगाऱ्यात उत्तराकडे पाहिलेही नव्हते.

"उत्तर सहाच आहे," शिडी म्हणाली. "मोजून बघा."

बाईसाहेबांनी मोजिले. बोटाने एकेक भाग मोजिला. सहा. मग त्यांणी आपली फुली आपल्या हाताने खोडिली, गुण दिले, बेरीज दुरुस्त केली, शेजारी सही केली, आणि मोठ्याने म्हणाल्या, "माझं चुकलं. तू पास आहेस." शिडीने पेपर घेतला, बेरीज स्वतः एकदा करोन पाहिली, आणि जागेवर जावोन बसली.

येणेप्रमाणे इयत्ता सहावीच्या दरबारात, भर तासास, सर्वांसमक्ष, शिडीने बाईसाहेबांशी उभ्याने लढाई दिली आणि आपले गुण लढोन घेतले. बाईसाहेबांचा पूर्ण पराभव जाहला, आणि पराभवाच्या आनंदात त्यांणी उरलेला तास मुलांस मैदानात सोडिले. फत्ते शिडीची जाहली. शिक्षकखोलीच्या आज्ञेवरोन, हाताला खडू लागलेला असता, लिहिले असे.